यंत्राजवळचा माणूस

श्रोतेहो, एखाद्या अनुबोधपट महोत्सवाला आपण गेलां आहांत अशी कल्पना करा. दिवे मालवतात, पडद्यावर चित्र उमटतें, आणि तासभर आपण कोणा दूरच्या मच्छीमाराच्या किंवा खाणकामगाराच्या आयुष्यांत वावरून येतों. खेळ संपल्यावर दिग्दर्शक व्यासपीठावर येतो, टाळ्या होतात, प्रश्नोत्तरें होतात, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत त्याचें नांव छापून येतें. तें योग्यच आहे. परंतु त्याच वेळीं सभागृहाच्या मागच्या भिंतीपलीकडे, यंत्राच्या खोलींत, एक माणूस पुढच्या खेळाची जुळवाजुळव करीत असतो. दुसरा दारावर प्रवेशपत्रें पाहत असतो. तिसरा बाहेरच्या फलकावर बदललेली वेळ लिहीत असतो. आणि चौथा पाहुण्यांना आणावयास स्टेशनवर गेलेला असतो. यांचीं नांवें सहसा कोणी विचारीत नाहीं.

या मंडळींना आजकाल इंग्रजी शब्दानें ‘क्रू’ म्हणतात. हाच शब्द जहाजावरच्या खलाशांनाहि लावतात. जहाज बंदराला लागलें म्हणजे प्रवासी कप्तानाचे आभार मानतात, आणि खलाशी मात्र दोर बांधण्यांत गुंतलेले असतात, हें लक्षांत घेतलें कीं शब्दाची निवड चुकली असें वाटत नाहीं. या खलाशांच्या बाजूनें आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत. आणि तेहि केवळ सहानुभूतीनें नव्हे, तर इतिहासाच्या आधारानें. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, चित्र ‘दाखविण्याचें’ जें काम आपण दुय्यम समजतों, त्याच कामाच्या पोटीं आमच्या कोल्हापुरांत चित्र ‘करण्याची’ विद्या जन्माला आली.

प्रथम थोडें मागें जाऊं. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॅटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, हे त्या वेळीं मुंबईंत छायाचित्रकार होते. त्यांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ सालीं हँगिंग गार्डनमध्यें दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. तालमींच्या आमच्या गांवाला हें ऐकून विशेष संतोष होईल कीं, हिंदी माणसानें टिपलेल्या अगदीं पहिल्या दृश्यांत लाल माती नसली तरी कुस्ती होती! पुढें १९०१ मध्यें रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले, त्यांच्या स्वागताचा प्रसंगहि सावेदादांनीं टिपला. या चित्रांत नट नव्हते, कथा नव्हती. जें घडलें तें होतें. अनुबोधपटाचें आणि वार्तापटाचें बीज तें हेंच. बीजाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतों: दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ करण्यापूर्वीं, १९१२ मध्यें, कुंडींतील वाटाणा उगवून वर येईपर्यंतची वाढ थोड्याथोड्या अंतरानें टिपली आणि ती पडद्यावर क्षणांत करून दाखविली.

आतां कोल्हापुराकडे वळूं. आनंदराव आणि बाबुराव हे नात्यानें भाऊ. आडनांव मेस्त्री, परंतु नाटक कंपन्यांचे पडदे रंगविण्यांत त्यांनीं असा लौकिक मिळविला कीं ‘पेंटर’ हेंच त्यांचें आडनांव होऊन बसलें. फाळक्यांचा चित्रपट १९१३ मध्यें प्रकट झाला, आणि रंगविलेल्या स्थिर पडद्यावर आयुष्य काढलेल्या या दोघांना हलत्या पडद्याचा ध्यास लागला. त्यांच्याजवळ भांडवल नव्हतें, विलायती कॅमेरा नव्हता, आणि शिकविणारा कोणी नव्हता. त्यांनीं मिळविलें तें एक चित्र दाखविण्याचें यंत्र. आणि त्याच्या बळावर चित्रपटांचे खेळ लावण्याचा धंदा त्यांनीं आरंभिला.

येथें क्षणभर त्या यंत्राजवळ उभे राहूं या. आपण म्हणतों पडद्यावरचें चित्र हलतें. वस्तुतः पडद्यावर हलणारें चित्र कधींच पडत नाहीं! फिल्मवरील एक चौकट दिव्यापुढच्या खिडकीशीं येते, तेथें स्थिर उभी राहते, मग एक पाकळी आड येऊन प्रकाश अडविते, त्या अंधारांत पुढची चौकट ओढली जाते, आणि पाकळी पुन्हां दूर होते. मूकपटाच्या काळीं हें सेकंदाला सुमारें १६ वेळां होई, आणि तेंहि पुष्कळदां हातानें दांडा फिरवून. फिल्मच्या एका फुटांत १६ चौकटी मावतात. म्हणजे १००० फुटांचें रीळ संपावयास जवळजवळ १७ मिनिटें लागत. तेवढा वेळ हात एका लयींत चालला पाहिजे. हात घाईला आला कीं पडद्यावर राजाची मिरवणूक पळूं लागे. हात मंदावला कीं वीराची तरवार पाण्यांतून फिरविल्यासारखी फिरे. शिवाय ती फिल्म नायट्रेटची, म्हणजे दारूसारखी पेटणारी. दिव्यापुढें ती अडकली आणि लक्ष नसलें, तर खेळाचीच होळी व्हावयाची.

असें यंत्र महिनोन् महिने चालविणाऱ्या, तेल घालून, खोलून, पुन्हां जोडणाऱ्या माणसाच्या एक गोष्ट ध्यानांत आल्यावांचून राहत नाहीं. दाखविणारें यंत्र आणि टिपणारें यंत्र हीं जवळजवळ एकाच घडणीचीं आहेत. एकांत प्रकाश आंतून बाहेर जातो, दुसऱ्यांत बाहेरून आंत येतो. पट्टी ओढण्याची, थांबविण्याची आणि झांकण्याची युक्ति तीच. ल्युमिएर बंधूंची पेटी तर दोन्ही कामें करी. आनंदराव व बाबुराव यांनीं हें ओळखलें आणि दाखविण्याच्या यंत्रावरून टिपण्याचें यंत्र स्वतः घडविण्याचा घाट घातला. दुर्दैवानें १९१६ मध्यें आनंदराव वारले आणि कॅमेरा अपुरा राहिला. बाबुरावांनीं आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साह्यानें तो १९१८ च्या सुमारास पुरा केला. मेस्त्रीच्या घरचा वारसा आणि खेळ लावणाऱ्याचा अनुभव या दोहोंतून कोल्हापूरचा कॅमेरा जन्मला, तो असा.

पुढचा इतिहास आपणांस परिचित आहे. गायिका तानीबाई कागलकर यांनीं द्रव्याचें पाठबळ दिलें, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि त्याच घरगुती कॅमेऱ्यानें घेतलेला ‘सैरंध्री’ १९२० मध्यें पुण्याच्या आर्यन चित्रगृहांत झळकला. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्यें विजेच्या दिव्यांच्या प्रकाशांत रात्रीचीं दृश्यें घेतलीं गेलीं. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्यें देव नव्हते, राजे नव्हते, कर्जापायीं जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी होता. तो कथापटच खरा. परंतु आपल्या शेजारच्या माणसाचें दुःख पडद्यावर मांडण्याच्या लायकीचें आहे, हा जो अनुबोधपटाचा मूळ विश्वास, तो त्यांत पूर्णपणें होता.

या कंपनींत कामाच्या भिंती नव्हत्या. देखावा रंगविणाराच सुतारकाम पाही, दृश्य संपलें कीं फिल्म धुवावयास जाई, आणि गरज पडली तर तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यापुढेंहि उभा राही. दामले आणि फत्तेलाल हे दोघे चित्रकलेंतून आले. परंतु पुढें प्रभातमध्यें दामल्यांनीं ध्वनिलेखनाची जबाबदारी उचलली, आणि फत्तेलालांनीं कलाविभागाची. केशवराव धायबर कॅमेऱ्यामागें उभे राहिले. हें बहुश्रुतपण कोणत्या विद्यापीठानें दिलें नव्हतें. पडेल तें काम करण्यानें दिलें होतें.

आणि याच कंपनींत १९२० मध्यें एक तरुण आला. कोल्हापुरांत १९०१ सालीं जन्मलेल्या या मुलानें हुबळीस रेल्वेच्या कारखान्यांत काम केलें होतें, आणि तेथेंच एका पत्र्याच्या चित्रगृहांत, मुख्यतः चित्रें फुकट पाहावयास मिळतात म्हणून, द्वारपालाचें काम पत्करलें होतें. महाराष्ट्र फिल्म कंपनींतहि त्याची सुरुवात बिनपगारी उमेदवारीनेंच झाली. झाडलोट, सामान वाहणें, रंग कालवणें, फिल्म धुणें, असें पडेल तें तो करी. या द्वारपालाचें नांव शांताराम राजाराम वणकुद्रे; आपण त्यांना व्ही. शांताराम म्हणून ओळखतों. १ जून १९२९ रोजीं दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम आणि सीताराम कुलकर्णी या पांच जणांनीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. १९३३ मध्यें ती पुण्यास गेली. आणि तिच्या ‘संत तुकाराम’चा १९३७ च्या वेनिस महोत्सवांत गौरव झाला, तेव्हां त्याचे दिग्दर्शक होते पडदे रंगविणारे तेच दामले आणि फत्तेलाल. महोत्सव हा शब्दहि आपल्याकडे फारसा रुळला नव्हता, त्या वेळची ही गोष्ट.

परंतु, श्रोतेहो, येथें एका मोहापासून सावध राहिलें पाहिजे. एका शांतारामाची कथा सांगून ‘बिनपगारी उमेदवारी हीच खरी शाळा’ असा निष्कर्ष काढणें सोपें आहे, आणि सोयीचेंहि आहे. विशेषतः ज्याला पगार द्यावयाचा त्याला! शांताराम आपल्याला ठाऊक आहेत, कारण ते पुढें दिग्दर्शक झाले. त्यांच्याबरोबर फिल्म धुणारे, दिवे धरणारे, दांडा फिरविणारे जे दिग्दर्शक झाले नाहींत, त्यांचें काय? त्यांचें कामहि पडद्यावर होतेंच. बरें, तें काम पाहून त्यांना ओळखावें म्हटलें, तर तेंहि आतां शक्य नाहीं. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट नष्ट झाले आहेत. ३० जानेवारी १९४८ नंतरच्या जाळपोळींत भालजी पेंढारकरांचा येथील जयप्रभा स्टुडिओहि जळाला. तो पुन्हां उभा राहिला, पण राखेंतून कागदपत्रें परत येत नाहींत. दिग्दर्शकाचें नांव लोकांच्या तोंडीं तरी उरतें. मदतनिसाचें नांव चिटोऱ्यावर असतें, आणि चिटोऱ्याबरोबर जातें.

अनुबोधपटांच्या इतिहासांत तर हें अधिकच जाणवतें. १९४० मध्यें सरकारनें फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापिलें. त्याची धुरा कांहीं काळ शांतारामांनींहि वाहिली. १९४८ मध्यें फिल्म्स डिव्हिजन निघालें, आणि पुढें कित्येक दशकें मुख्य खेळापूर्वीं अनुबोधपट किंवा वार्तापट दाखविणें चित्रगृहांना परवान्याच्या अटीनें भाग होतें. त्यासाठीं फिल्मचे डबे देशभर फिरत, उतरविले जात, चढविले जात आणि पुढच्या गांवीं रवाना होत. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९५२ मध्यें मुंबईंत भरला, तोहि याच संस्थेनें भरविला. आणि १९९० पासून केवळ अनुबोधपट, लघुपट व सचेतपट यांचा महोत्सव मुंबईंत भरूं लागला. २०२२ मध्यें ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झाली, तरी तो महोत्सव चालूच राहिला. त्यांतील जीवनगौरवाचा पुरस्कार व्ही. शांताराम यांच्या नांवानें दिला जातो. म्हणजे अनुबोधपटकारांच्या मेळाव्यांत सर्वांत मोठा मान ज्याच्या नांवाचा, त्यानें आपली पहिली उमेदवारी चित्रगृहाच्या दारांत उभें राहून केली होती! पुरस्कार घेणारा आणि दारावरचें प्रवेशपत्र तपासणारा, या दोघांमधलें अंतर आपण समजतों तेवढें नाहीं, याचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

आज फिल्मचे डबे गेले. चित्रपट लहानशा तबकडींत मावतो, आणि तो उघडावयास संगणकाची किल्ली लागते. ती ठराविक दिवशीं, ठराविक यंत्रावर, ठराविक वेळेपुरतीच चालते. किल्ली वेळेवर आली नाहीं, कीं सभागृह भरलेलें असूनहि पडदा पांढराच राहतो. दांडा फिरविणारा हात गेला, पण जागरूकता तीच उरली आहे. आदल्या रात्रीं प्रत्येक चित्र थोडें चालवून पाहणें, आवाज बेताचा आहे कीं नाहीं तें ऐकणें, खालीं उमटणारें भाषांतर संवादाच्या आधीं तर येत नाहीं ना हें पाहणें. सारें नीट झालें म्हणजे कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. या कामाची हीच विचित्र नियति आहे. तें बिघडलें कीं दिसतें आणि साधलें कीं अदृश्य होतें.

अनुबोधपटाचा सारा दावा असा असतो कीं, ज्यांच्याकडे कोणी पाहत नाहीं, त्यांच्याकडे आम्ही पाहतों. मग त्याच्या महोत्सवानें आपल्याच दारावरच्या माणसाकडे पाहूं नये, हें शोभत नाहीं. कलामहर्षि बाबुराव पेंटर यांचें नांव धारण करणाऱ्या फिल्म सोसायटीच्या पुढाकारानें आमच्या कोल्हापुरांतहि चित्रपट महोत्सव भरत आला आहे. असे महोत्सव जेथें जेथें भरतात, तेथील चालकांना माझी सूचना अगदीं लहान आहे. एक साधी वही ठेवावी. यंत्र कोणीं चालविलें, फलक कोणीं लिहिले, दारावर कोण उभें होतें, त्यांचीं नांवें तिच्यांत तारखेसह लिहावीं, आणि वही जपून ठेवावी. जमेल त्यानें मोबदलाहि द्यावा. परंतु नांव लिहावयास तर पैसेहि पडत नाहींत. महाराष्ट्र फिल्म कंपनींत अशी वही कोणीं जपली असती, तर आज मला हें भाषण पांचसहा नांवांवर भागवावें लागलें नसतें.

आणि आपण प्रेक्षकांनीं? पुढच्या खेपेस खेळ संपून दिवे लागले म्हणजे बाहेर पडण्यापूर्वीं क्षणभर मागें वळून पाहावें. मागच्या भिंतींत, उंचावर, एक लहानशी चौकोनी खिडकी असते. ज्या प्रकाशांत आपण इतका वेळ जग पाहिलें, तो तेथूनच आलेला असतो.