हैदराबादच्या नावाची विमाने

चारठाण्यात उभे राहून आम्ही लढाऊ विमानांविषयी बोलणार, हे ऐकून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. येथे बोलावयाचे ते गोकुळेश्वराच्या देवळावर, नाहीतर गावातल्या त्या उंच कोरीव स्तंभावर. परंतु हे गाव 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते, आणि त्या राज्याच्या नावाची तीन पथके ब्रिटिश विमानदलात होती : क्रमांक 110, 152 आणि 253. तेव्हा विषय वाटतो तितका परका नाही.

यांतले सर्वांत जुने 110 क्रमांकाचे. ते 1 नोव्हेंबर 1917 रोजी इंग्लंडात उभे राहिले आणि पुढच्या वर्षीच्या ऑगस्टअखेर फ्रान्सच्या आघाडीवर गेले. त्याची डीएच-9ए जातीची बॉम्बफेकी विमाने म्हणजे निजाम मीर उस्मान अलीखान यांची देणगी होती, आणि विमानांच्या अंगावर दात्याचे नाव रंगवलेले होते. त्यांतल्या एफ-1010 या विमानाची हकीकत कादंबरीसारखी आहे. 5 ऑक्टोबर 1918 रोजी जर्मनीवरील चढाईत पथकाची चार विमाने परतली नाहीत. एफ-1010 शत्रूच्या हाती पडले, त्यातील दोघे वैमानिक कैद झाले. विमान पुढे बर्लिनच्या संग्रहालयात गेले, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने ते पोलंडात हलवले गेले, तेथेच राहिले, आणि 1977 साली एका स्पिटफायर विमानाच्या बदल्यात इंग्लंडला परत आले. आता ते लंडनजवळ हेंडनच्या संग्रहालयात आहे.

त्याच्या छायाचित्राखाली बहुधा एकच ओळ येते : ‘निजामाने भेट दिलेले विमान’. ओळ खोटी नाही, पण ती पुरी आहे काय? निजामाच्या खजिन्यात येई त्यात जमीनमहसुलाचा वाटा मोठा होता, आणि तो भरणारात मराठवाड्याचा कुणबी होता. त्याच 1918 साली पावसाने दगा दिला होता. ही विमाने ऱ्हाईनच्या बाजूला उडत होती त्या महिन्यांत इकडे इन्फ्लुएन्झाने गावेच्या गावे आडवी होत होती. विमानावर दात्याचे नाव रंगवता येते. महसूल भरणाराचे कोण रंगवणार? आमच्या मते चित्राखालच्या ओळीत निदान एवढे यावे की, हा पैसा एका राज्याचा होता.

दुसरा घोटाळा नावाचा. ‘हैदराबाद पथक’ वाचून आपली माणसे ती विमाने चालवीत होती असे वाटते. तसे नव्हते. नाव देणगीमुळे मिळालेले. 152 च्या चिन्हात तर निजामाचा दस्तारही आहे. पथक मात्र ब्रिटिश विमानदलाचेच. उलट सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईत हैदराबादवर आली ती टेम्पेस्ट विमाने भारतीय विमानदलाची. दोहोंची चित्रे एका मथळ्याखाली छापली तर इतिहास पालथा होईल.

मग चित्र ओळखावे कसे? विमानाच्या अंगावरचा अनुक्रमांक त्याच्या जन्मनोंदीसारखा असतो. तो सहसा बदलत नाही. मोठी अक्षरे पथकाची असतात, आणि विमान दुसऱ्या पथकात गेले की तीही बदलतात. 152 ची अक्षरे ‘यूएम’. हे पथक 1940 साली इंग्लंडच्या दक्षिणेस वॉर्मवेल येथून स्पिटफायर घेऊन लढले, आणि पुढे ब्रह्मदेशातही लढले. तेव्हा ‘यूएम’ दिसले म्हणून लगेच 1940 लिहू नये. विमानावरचे गोल चिन्ह पाहावे. जपानी विमानावर तांबडा गोळा असे, म्हणून घोटाळा टाळण्यासाठी पूर्वेकडील ब्रिटिश विमानांच्या चिन्हातला तांबडा मध्य काढून टाकला होता. तो नसेल तर चित्र बहुधा इकडचे. यानंतर पथकाच्या रोजच्या नोंदवहीत कोण, कोणत्या क्रमांकाचे विमान घेऊन, किती वाजता उडाला हे पडताळावे. अर्थात युद्धकाळात तपासनीस कधीकधी छायाचित्रातली अक्षरेच खरवडून टाकीत. तेथे घाई करणाराची फजिती ठरलेली.

हैदराबाद राज्य 1 नोव्हेंबर 1956 रोजी नकाशावरून गेले. पण 110 क्रमांकाचे ‘हैदराबाद पथक’ 15 फेब्रुवारी 1971 पर्यंत टिकले, तेही सिंगापुरात, हेलिकॉप्टरे घेऊन. ज्या राज्याचे नाव ते मिरवीत होते ते राज्यच उरले नव्हते.

आता एक विनंती. आपल्यापैकी कोणाच्या घरी फौजेतल्या माणसाचे, विमानाचे, 1948 च्या धामधुमीचे जुने छायाचित्र असेल, तर म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून मागच्या बाजूस मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, गाव, साल आणि माणसांची नावे लिहून ठेवा. शाईने लिहू नका. ती पुढच्या बाजूस फुटते. आणि सांगणाराचे नावही खाली घाला.