सिॲटल, १९९५ : मतपेटीत हरलेला संघ मैदानावर कसा तरला?

#थ्रेड #क्रीडाइतिहास

१/ १९ सप्टेंबर १९९५. अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिॲटल शहरात त्या संध्याकाळी एकाच वेळी दोन मोजण्या चालू होत्या. किंग काउंटीच्या निवडणूक कार्यालयात एका करप्रस्तावावरची मते मोजली जात होती आणि किंगडोम स्टेडियममध्ये मरिनर्स या बेसबॉल संघाच्या धावा. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता : हा संघ या शहरात राहणार की जाणार?

२/ मैदानावर मरिनर्सने टेक्सासविरुद्धचा हातातून निसटू पाहणारा सामना अतिरिक्त डावांत खेचून आणला. मतमोजणीत मात्र उलटे घडले. सुरुवातीला तरेलसा वाटणारा प्रस्ताव टपाली मते मोजली गेल्यावर बुडाला. सुमारे पाच लाख मतांमध्ये फरक होता जेमतेम हजारभर मतांचा.

३/ सिॲटलच्या लोकस्मृतीत या हंगामाची एक सुटसुटीत कथा रुळली आहे : संघ जिंकला, म्हणून संघ वाचला. ती खोटी नाही. पण तारखा ओळीने मांडल्या की तिच्यातून एक अवघड प्रश्न डोके वर काढतो. जनतेचा कौल कोणता मानायचा? मतपेटीतला, की स्टेडियममधल्या गजरातला?

४/ हा प्रश्न समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९६९ मध्ये सिॲटलला ‘पायलट्स’ नावाचा पहिला मोठा बेसबॉल संघ मिळाला. एकाच हंगामात त्याचे दिवाळे वाजले आणि १९७० चा हंगाम सुरू होण्यास काही दिवस उरले असताना तो मिलवॉकीला गेला. संतापलेल्या स्थानिक शासनाने लीगला न्यायालयात खेचले. त्या खटल्याच्या तडजोडीतून १९७७ मध्ये मरिनर्स हा नवा संघ शहराच्या पदरात पडला.

५/ हा संघ मिळाला खरा, पण विजय मिळेनात. पराभवांपेक्षा विजय अधिक असा पहिला हंगाम पाहण्यासाठी चाहत्यांना १९९१ पर्यंत थांबावे लागले. तोवर संघ फ्लोरिडाला नेण्याची भाषा सुरू झाली होती. १९९२ मध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या स्थानिक गटाने संघ विकत घेतला आणि ते संकट तात्पुरते टळले.

६/ १९९४ ने उरलासुरला भरवसाही हलवला. जुलैत एका सामन्याच्या काही तास आधी किंगडोमच्या छताच्या जड फरश्या रिकाम्या खुर्च्यांवर कोसळल्या. दुरुस्तीदरम्यान दोन कामगारांचा मृत्यू झाला. ऑगस्टमध्ये देशभरचे खेळाडू संपावर गेले आणि १९०४ नंतर प्रथमच ‘वर्ल्ड सिरीज’ ही अंतिम मालिका रद्द झाली. कोट्यधीश मालक आणि लक्षाधीश खेळाडू यांच्या भांडणाला सामान्य चाहता विटला होता.

७/ अशा वातावरणात १९९५ चा हंगाम उशिरा सुरू झाला. नेहमीच्या १६२ ऐवजी १४४ सामन्यांचा. सिॲटलची सारी आशा एका माणसावर होती : २५ वर्षांचा केन ग्रिफी ज्युनिअर. २६ मे रोजी एक उंच उडालेला चेंडू टिपण्यासाठी तो धावला, भिंतीवर आदळला, झेल हातात राहिला आणि डावे मनगट मोडले. शस्त्रक्रियेत धातूची पट्टी आणि सात स्क्रू बसवावे लागले. तो तब्बल ७३ सामन्यांना मुकला.

८/ ग्रिफी नाही म्हणजे हंगाम संपला, असा सर्वसाधारण समज होता. येथे पहिले आश्चर्य घडले : संघ कोसळला नाही. एडगर मार्टिनेझने त्या वर्षी ०.३५६ च्या सरासरीने लीगचे फलंदाजीतील अव्वल स्थान पटकावले. जे ब्युनरने ४० होम रन ठोकले, टिनो मार्टिनेझने ३१. सहा फूट दहा इंच उंचीचा डावखुरा पिचर रँडी जॉन्सन हंगामअखेर १८ विजय आणि अवघे २ पराभव अशा कामगिरीवर पोहोचला.

९/ तरीही २ ऑगस्टला मरिनर्स गटातील अव्वल कॅलिफोर्निया एंजल्सपेक्षा १३ सामन्यांनी मागे होते. याचा अर्थ असा : पुढच्याने सलग १३ सामने हरावे आणि मागच्याने तेवढ्या काळात १३ जिंकावे, तेव्हा कोठे बरोबरी व्हावी. हंगामाचे दोन महिने उरले होते. नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीत, म्हणजे ‘प्ले-ऑफ’मध्ये, मरिनर्सने तोवर एकदाही पाऊल ठेवले नव्हते.

१०/ दैवाचे फासे मग दुसऱ्या बाजूला पडू लागले. ऑगस्टच्या आरंभी एंजल्सचा शॉर्टस्टॉप गॅरी डिसार्सिना अंगठ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. मे महिन्यात एका मनगटाने सिॲटलचे जे करू पाहिले, ते आता एका अंगठ्याने एंजल्सचे केले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण कारण एवढे एकच नसावे; खेळाच्या इतिहासात पडझडीला एकच कारण क्वचितच असते. घडले ते इतके की हा बलाढ्य संघ उरलेल्या हंगामात सलग नऊ सामने हरला, आणि तेही दोनदा.

११/ इकडे मरिनर्सने हंगामाच्या मध्यात अँडी बेनीझ, व्हिन्स कोलमन आणि नॉर्म चार्लटन हे खेळाडू मिळवले. चार्लटनला तर दुसऱ्या संघाने नुकतेच मोकळे केले होते. १५ ऑगस्टला ग्रिफी परतला. २४ ऑगस्टला यांकीजविरुद्ध नवव्या डावात त्याने होम रन मारून सामना संपवला. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात १३ सामन्यांचे अंतर पुसले गेले होते.

१२/ संप आठवून पाठ फिरवलेले चाहते कसे परतले, हे पाहण्यासारखे आहे. १९७७ पासून संघाचे प्रत्येक अपयश रंगवून सांगणारा डेव्ह नीहाउस हा समालोचक आता घरोघरच्या, गाड्यांतल्या, दुकानांतल्या रेडिओवर विजय सांगत होता. ‘रिफ्यूज टू लूज’, म्हणजे हार मानणार नाही, असे हाती रंगवलेले फलक स्टेडियमभर दिसू लागले. काँक्रीटच्या बंद घुमटात आवाज कोंडून दुप्पट होई. वर्षानुवर्षे रिकामा, उदास म्हणून हिणवला गेलेला किंगडोम पाहुण्या संघांना धडकी भरवू लागला.

१३/ आणि नेमक्या याच आठवड्यात ते मतदान झाले. प्रस्ताव असा होता : विक्रीकर ०.१ टक्क्याने, म्हणजे शंभर डॉलरच्या खरेदीमागे दहा सेंटने वाढवावा आणि त्यातून नवे बेसबॉल मैदान बांधावे. मालकांनी ३० ऑक्टोबर ही अंतिम मुदत दिली होती. तोवर मैदानाची तरतूद झाली नाही तर संघ विक्रीला निघणार होता. संघ जिंकत असतानाही मतदारांच्या निसटत्या बहुमताने ‘नाही’ म्हटले. टाळ्या वाजवणे आणि कर भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

१४/ हंगाम संपता संपता दैवाने आणखी एक वळण घेतले. एंजल्सने अखेरचे पाच सामने जिंकले, मरिनर्सने अखेरचे दोन गमावले आणि दोन्ही संघ ७८ विजय, ६६ पराभव अशा बरोबरीत आले. २ ऑक्टोबरला एकच निर्णायक सामना. एंजल्सचा पिचर मार्क लँग्स्टन. हा १९८९ पर्यंत सिॲटलचा तारा होता आणि त्याला देऊन जो खेळाडू मिळवला गेला तोच रँडी जॉन्सन आता त्याच्यासमोर उभा होता. सिॲटलने ९-१ असा विजय मिळवला. सातव्या डावात चार धावा एका झटक्यात गेल्यानंतर होम प्लेटवर उताणा पडलेला लँग्स्टन हे त्या दिवसाचे न विसरता येणारे चित्र ठरले.

१५/ बाद फेरीत गाठ पडली न्यूयॉर्क यांकीजशी. पाच सामन्यांच्या मालिकेतले पहिले दोन सामने न्यूयॉर्कमध्ये झाले आणि दोन्ही हातचे गेले. दुसरा तर पंधराव्या डावापर्यंत लांबला. आता एक पराभव म्हणजे शेवट. सिॲटलला परतल्यावर जॉन्सनने तिसरा सामना जिंकून दिला. चौथ्यात एडगर मार्टिनेझने एकट्याने सात धावा वसूल केल्या.

१६/ ८ ऑक्टोबरच्या पाचव्या सामन्याला ५७,००० हून अधिक प्रेक्षक होते. एकच दिवस विश्रांती घेतलेला जॉन्सन नवव्या डावात पुन्हा चेंडू टाकायला आला. अकराव्या डावात यांकीज ५-४ असे पुढे गेले. मग जोई कोरा बेसवर पोहोचला, मागोमाग ग्रिफी. एडगर मार्टिनेझने चेंडू डाव्या कोपऱ्यात मारला. कोरा घरी आला. आणि मोडलेले मनगट जोडून परतलेला ग्रिफी पहिल्या बेसपासून सगळे मैदान धावत येऊन होम प्लेटवर घसरला. ६-५. सिॲटलमध्ये त्या फटक्याला आजही नुसते ‘द डबल’ म्हणतात.

१७/ आता तारखा पाहाव्यात. मतदानाचा दिवस १९ सप्टेंबर. ‘द डबल’ ८ ऑक्टोबरचा. १४ ऑक्टोबरला, म्हणजे अवघ्या सहा दिवसांनी, वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशनात नव्या मैदानासाठी निधीची वेगळी योजना मंजूर केली : किंग काउंटीतील उपाहारगृहांवर आणि भाड्याच्या मोटारींवर कर, तिकिटांवर कर, लॉटरीचे उत्पन्न आणि विक्रीकरातला राज्याचा काही वाटा. महिन्याभरापूर्वी मतदारांनी नाकारलेली गोष्ट दुसऱ्या दाराने आत आली.

१८/ या कायद्याला ‘तातडीचे’ कलम जोडण्यात आले होते. राज्यघटनेनुसार अशा कायद्यावर सार्वमताची मागणी करता येत नाही. एका नागरिक गटाने त्याला आव्हान दिले. बेसबॉलचे मैदान ही तातडीची सार्वजनिक गरज कशी, हा त्यांचा सवाल बिनतोड वाटणारा होता. १९९६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला.

१९/ समर्थकांचे म्हणणेही ऐकण्याजोगे आहे. मूळ प्रस्ताव हरला तो केसभर फरकाने आणि मतदान झाले ते सर्वांत रोमहर्षक आठवड्यांच्या आधी. दुसरी योजना वेगळी होती. तिचा मोठा भार बाहेर जेवणारे, मोटार भाड्याने घेणारे आणि तिकीट काढणारे यांच्यावर पडणार होता. पायलट्सचा घाव सोसलेल्या शहराला दुसरा घाव नको होता. परंतु एक प्रश्न उरतोच. एडगरचा चेंडू त्या कोपऱ्यात पडण्याऐवजी एखाद्याच्या हातमोज्यात विसावला असता, तर कोणते विधिमंडळ इतक्या घाईने जमले असते?

२०/ नवे मैदान जुलै १९९९ मध्ये खुले झाले. खर्च ५० कोटी डॉलरच्या वर गेला. त्याचे सार्वजनिक कर्ज २०११ मध्ये फिटले. किंगडोम मार्च २००० मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला, पण त्याचे कर्ज नागरिक २०१५ पर्यंत फेडत राहिले. वास्तू पंधरा वर्षांपूर्वी धुळीला मिळाली होती, हप्ते जिवंत होते.

२१/ शहराने यातून काही धडा घेतला का? २००६ मध्ये सिॲटलच्या मतदारांनी क्रीडासंघांना सवलतीत सार्वजनिक पैसा देण्यावर निर्बंध घालणारा प्रस्ताव सुमारे ७४ टक्के मतांनी मंजूर केला. या वेळी मतपेटीचा शब्द अखेरचा ठरला आणि त्याची किंमतही मोजावी लागली : २००८ मध्ये सुपरसॉनिक्स हा ४१ वर्षे जुना बास्केटबॉल संघ ओक्लाहोमा सिटीला निघून गेला. दोन्ही मार्गांना मोल होते. एकात पैसा गेला, दुसऱ्यात संघ.

२२/ राहता राहिला तो १९९५ चा शेवट. यांकीजना हरवणारे मरिनर्स अंतिम मालिकेत पोहोचलेच नाहीत. १७ ऑक्टोबरला क्लीव्हलँडने त्यांना किंगडोममध्येच ४-० असे हरवले. थकलेला रँडी जॉन्सन त्या दिवशी पुरा पडला नाही. पुढच्या तीस वर्षांतही या संघाला वर्ल्ड सिरीज गाठता आली नाही.

२३/ सामना संपला, पाहुणे जल्लोष करून आत गेले. पण प्रेक्षक जागचे हलले नाहीत. ते उभे राहून टाळ्या वाजवत राहिले, हरलेले खेळाडू पुन्हा मैदानावर येईपर्यंत. विधिमंडळाचा निर्णय तीन दिवसांपूर्वीच झाला होता. संघ राहील याची बरीचशी खात्री झाली होती. त्या गर्दीत ‘हो’ म्हणणारे मतदार असतील, तसेच ‘नाही’ म्हणणारेही असतील. निवडणूक कार्यालयाच्या दप्तरात त्यांची नोंद दोन वेगळ्या रकान्यांत आहे. त्या रात्रीच्या टाळ्यांची नोंद कोणत्याच रकान्यात नाही, आणि तरीही १९९५ चा निकाल कोणी लावला हे सांगताना तिला वगळता येत नाही.

(समाप्त)