अडलेली कात

आमच्या घरी आजीच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली, कागदात गुंडाळलेला सापाच्या कातीचा एक तुकडा असे. घरात कात असली की पैसा टिकतो, असे ती म्हणे. पुढे जुन्या ग्रंथांतून कातीचे उल्लेख टिपून ठेवायचा मला नाद लागला, त्याचे मूळ बहुधा त्या पेटीतच असावे. मी ना संस्कृतचा पदवीधर, ना प्राणिशास्त्राचा. नोकरी सांभाळून, मिळतील त्या भाषांतरांच्या आणि कोशांच्या आधाराने वह्या भरत गेलो. त्या वह्यांत एक प्रश्न मात्र बरीच वर्षे नव्हता : कात निघालीच नाही तर?

तो प्रश्न १९९३ च्या मे महिन्यात माझ्यापुढे उभा राहिला. वर्ध्याकडच्या आमच्या शेताला लावलेल्या नायलॉनच्या जाळीत एक धामण अडकली होती. जाळी कापून तिला सोडवले. अंगावर काचल्याची जखम होती, म्हणून ती भरेपर्यंत मी तिला लाकडी खोक्यात ठेवले. असे परस्पर ठेवणे वन्यजीव कायद्याच्या विरुद्ध आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. पाण्याची वाटी होती, पण ती लहान, आणि विदर्भातला मे. दहाएक दिवसांनी तिचे डोळे दुधाळ झाले, मग पुन्हा स्वच्छ झाले आणि कात निघू लागली, ती मात्र चिंध्यांसारखी तुकड्यातुकड्यांनी. उजव्या डोळ्यावर जुना पापुद्रा तसाच राहिला. मदत करावी म्हणून मी तो चिमट्याने ओढला. त्याच्याबरोबर खालचा कोवळा थरही आला. धामणीचा तो डोळा गेला.

त्यानंतर मी माझ्या वह्या पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतल्या.

०००

आपल्याकडच्या प्राचीन वाङ्मयात कात पुष्कळ आहे. अहिनिर्मोक, कंचुक असे तिच्यासाठी शब्द आहेत. तांड्य ब्राह्मणात सर्पांनी केलेल्या सत्राची कथा येते. त्या सत्रामुळे सर्पांनी मृत्यूला जिंकले, म्हणून ते जुनी त्वचा मागे टाकून पुढे सरपटत जातात, असा तिचा आशय. बृहदारण्यकोपनिषदात वारुळावर निर्जीव पडलेल्या कातीची उपमा ज्ञानी पुरुषाने मागे ठेवलेल्या देहाला दिली आहे. प्रश्नोपनिषदात कातीतून सुटलेला साप हा पापातून सुटलेल्या माणसाचा दाखला होतो. आपण आजही बोलताना एखाद्या गावाने किंवा संस्थेने ‘कात टाकली’ म्हणतो, तेव्हा हाच अर्थ गृहीत धरतो : जुने गेले, नवे आले, आणि सहज आले.

या सगळ्या दाखल्यांत कात पूर्ण निघालेली आहे. उपमेला तशीच कात लागते. अर्धवट चिकटलेली कात घेऊन मोक्ष कसा सांगणार? पण त्यामुळे झाले असे, की सापाच्या आयुष्यातली ही एक अवघड, धोक्याची आठवडा-दोन आठवड्यांची अवस्था आपल्या नजरेतून सुटली. लोकांनी वारुळावरची कात पाहिली. ती टाकणारा साप तोवर निघून गेलेला असे.

वैद्यकाने कातीचा उपयोग केला, तोही पूर्ण सुटण्याच्या गुणामुळेच असावा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दहाव्या अध्यायात, प्रसूतीच्या वेळी गर्भ अडला तर काळ्या सापाच्या कातीची धुरी द्यावी, असा उपाय आहे. जी वस्तू अंगावरून अलगद सुटली, तिने अडलेले सुटावे, अशी त्यामागची कल्पना असावी, असा माझा तर्क आहे. अडलेल्या बाळंतिणीसाठी कात कामी आली. कात अडलेल्या सापासाठी काय करावे, हे मला या ग्रंथांत सापडले नाही.

०००

सापाकडे पाहण्याची नोंद मिळते ती ग्रीक ॲरिस्टॉटलकडे, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात. प्राण्यांविषयीच्या त्याच्या ग्रंथात तो सांगतो, की कात सुटायला डोळ्यांपासून सुरुवात होते. ज्यांना हे माहीत नसते त्यांना साप आंधळा होतोय असे वाटते. मग डोके मोकळे होते, आणि साधारण एका दिवस-रात्रीत डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळी कात उतरते. हे लिहिणाऱ्याने, किंवा त्याला सांगणाऱ्याने, जिवंत साप जवळून पाहिला होता यात शंका नाही.

पुढे पहिल्या शतकात रोमन प्लिनी आपल्या ‘निसर्गेतिहासा’त एक वेगळीच माहिती देतो. हिवाळ्यात अंगावर आलेला पापुद्रा साप बडीशेपेच्या झाडाच्या रसाने सोडवतो आणि डोळेही त्याच झाडाला घासून स्वच्छ करतो. खवले ताठरले असतील, तर जुनिपरच्या काट्यांवर अंग खाजवतो. माझ्या वह्यांतल्या नोंदींपैकी कात अडू शकते हे मान्य करणारी सर्वांत जुनी नोंद हीच. बडीशेपेच्या रसाचा गुण बाजूला ठेवू. ओल्या, रसाळ झाडाला घासणे आणि खरखरीत जागी अंग खाजवणे, या दोन गोष्टी त्यात आहेत. ओलावा आणि खरखरीतपणा. आजचा पशुवैद्यही याहून फार निराळे सांगत नाही.

हे का, याचा उलगडा व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. १९६५ साली मॅडरसन या संशोधकाने सापाच्या त्वचेत कात टाकण्याच्या काळात क्रमाने होणारे बदल सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडले. जुन्या बाह्यत्वचेच्या खाली नवी बाह्यत्वचा आधी पूर्ण तयार होते. काही काळ सापाच्या अंगावर दोन त्वचा एकावर एक असतात. मग दोहोंच्या मधला थर सुटा होऊ लागतो. याच सुमारास रंग फिका पडतो आणि डोळे निळसर-दुधाळ दिसतात, कारण सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. साप नाकाडाने दगडाला, फांदीला घासून ओठाजवळची कात सोडवतो आणि पायमोजा उलटा काढावा तशी ती उलटी होत मागे राहते. शरीरात आणि हवेत पुरेसे पाणी नसेल, तर वरचा थर सुकून खालच्याला चिकटतो. आजारपण, उपासमार, अंगावरच्या गोचिड्या, जुन्या जखमांचे व्रण, यांमुळेही असे होते.

डोळे दुधाळ होऊन पुन्हा स्वच्छ होणे ही सुटण्याची पूर्वसूचना असते. माझ्या धामणीने ती दिली होती. मला ती वाचता आली नाही.

०००

रानातल्या सापाला ओल शोधता येते : बीळ, दगडाखालची सर्द माती, ओढ्याचा काठ. कोंडलेल्याला ती सोय नसते. म्हणून कात अडण्याचा इतिहास हा बहुतांशी साप कोंडण्याचा इतिहास आहे, या निष्कर्षापर्यंत मी आलो.

आपल्याकडे पहिले कोंडणे टोपलीतले. नागपंचमीला रस्त्यावर दिसणारा गारुड्याचा नाग दूध पितो, याचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या झाले. तो दूध पितो कारण त्याला त्याआधी अनेक दिवस पाणी दिलेले नसते. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते द्रव पितो. शरीरातले पाणी असे आटलेल्या सापाची कात नीट निघेल कशी? लहानपणी आमच्या दारात आलेल्या नागाच्या मानेवर जुन्या कातीचे पापुद्रे लोंबत होते. गारुडी म्हणाला, नाग म्हातारा आहे, त्याला जटा आल्यात. आजीने हळदकुंकू वाहिले. जटा म्हणजे काय, हे मला वीस वर्षांनी कळले.

दुसरे कोंडणे काचेमागचे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली सापांसाठी जगातले पहिले स्वतंत्र घर उघडले. थंड देशात उष्ण प्रदेशातले साप जगवायचे, म्हणून तिथे पहिली काळजी उबेची. पण बंद जागेतली हवा नुसती तापवली की ती कोरडी होते, आणि कातीला ऊब आणि ओल दोन्ही लागतात. त्याच ठिकाणी जोन प्रॉक्टर या विदुषीच्या आराखड्यानुसार १९२७ साली नवे सर्पगृह झाले. निरनिराळ्या प्राण्यांना निरनिराळे हवामान देण्याचा विचार त्यात केला होता. प्रश्न सापाचा नसून त्याच्या खोलीचा आहे, ही समज इथे स्पष्ट दिसते.

आज पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन शहरांतल्या फ्लॅटमध्ये पाळला जातो. आपल्याकडचे साप घरी ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. परदेशी जातींपैकी आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट असलेल्यांची नोंदणी करावी लागते. वातानुकूलित खोलीची हवा कोरडी. म्हणजे टोपली गेली, तरी अडचण तीच राहिली.

तिच्यावरचा इलाज साधा आहे. झाकणाला भोके असलेल्या डब्यात, डोके सहज वर राहील इतक्याच कोमट पाण्यात सापाला थोडा वेळ बसू द्यावे. पाणी हाताला गरम लागता कामा नये. मग ओल्या पंचातून त्याला स्वतःहून सरकू द्यावे. पंचाच्या खरखरीत पृष्ठाला धरून कात सुटते. शेपटीच्या टोकाशी राहिलेले कडे दुर्लक्षू नये, ते आवळत जाऊन टोक मरते. डोळ्यावरचा पापुद्रा कधीही ओढू नये. ओलावा वाढवून पुढच्या कातीची वाट पाहावी. तेव्हाही न निघाल्यास पशुवैद्याकडे जावे. आणि टाकलेली कात उलगडून आधी डोक्याचा भाग पाहावा : डोळ्यांवरचे दोन्ही गोल खवले तिच्यात असतील, तर सगळे ठीक झाले.

त्या धामणीला मी पहिल्या पावसानंतर ओढ्याकाठी सोडले. एका डोळ्याने ती किती काळ जगली, कोण जाणे.

आजी गेल्यावर तिची पेटी माझ्याकडे आली. कागद सोडून मी तो तुकडा उजेडात धरून पाहिला. तो मधल्या धडाचा आहे. डोक्याचा भाग त्यात नाही. त्या सापाची कात नीट निघाली होती की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही.