एका सेकंदाचा आवाज आणि त्याचा हकदार

परभणीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उर्स दरवर्षी फेब्रुवारीत भरतो. एके काळी उर्साच्या बाजारात कॅसेटची दुकाने ओळीने लागत. आता कॅसेट गेल्या. कव्वालीच्या मंचापुढे बसलेला माणूस मोबाईल उंच धरतो, आलाप टिपून घेतो, आणि पुढे कधीतरी तोच आलाप डीजेच्या ठेक्यावर एखाद्या वरातीत ऐकू येतो. ज्याचा गळा आहे त्या कव्वालाला याची खबरही नसते. नाचणाऱ्यांपैकी कुणी विचारतही नाही की हा आवाज कुणाचा आणि कुणाला विचारून घेतला.

हा प्रश्न आपल्याच गावचा आहे असे नाही. २००२ साली तो थेट अमेरिकेच्या न्यायालयात गेला, आणि तेव्हा वादातला आवाज होता लता मंगेशकर यांचा.

१९८१ साली ‘ज्योती’ नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यातले ‘थोडा रेशम लगता है’ हे गाणे लताबाईंनी गायले होते, संगीत बप्पी लाहिरी यांचे. चित्रपट लोक विसरले, गाणेही मागे पडले. एकवीस वर्षांनंतर अमेरिकेत ‘ॲडिक्टिव्ह’ हे नाचाच्या ठेक्याचे गाणे गाजले. गायिका ट्रुथ हर्ट्स, सोबत रॅपर रकीम, ठेका बांधणारा डीजे क्विक. बिलबोर्डच्या यादीत ते नवव्या क्रमांकापर्यंत पोचले. यंत्राच्या ठेक्याखाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत लताबाईंचा आवाज घुमत होता, आणि परवानगी कुणाचीच घेतलेली नव्हती.

याला सॅम्पलिंग म्हणतात. चाल उचलण्यापेक्षा हे वेगळे. चाल उचलली तरी गायला दुसरा गळा, वाजवायला दुसरे हात लागतात. सॅम्पलिंगमध्ये मूळ ध्वनिमुद्रणाचाच तुकडा कापून यंत्रात भरतात आणि हवा तितक्या वेळा फिरवतात. म्हणजे चालीबरोबर गाणारीचा श्वास आणि ढोलकीवाल्याची थापही उचलली जाते.

मूळ ध्वनिमुद्रणावर हक्क सांगणाऱ्या सारेगामा कंपनीने ५० कोटी डॉलरचा दावा ठोकला. ही पूर्वीची ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया. बप्पी लाहिरीही लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले. २००३ मध्ये न्यायालयाने हुकूम दिला की बप्पींचे नाव छापल्याशिवाय हा अल्बम विकू नये. आपल्याकडे आनंद झाला. पण गोष्ट तिथे संपली नाही. पुढे मालकीचे कागद उलगडले गेले आणि निष्पन्न झाले ते असे: चाल प्रमोद फिल्म्स या निर्मात्यासाठी मोबदला घेऊन बांधलेली, म्हणून हक्क निर्मात्याचा, निर्मात्याकडून तो कंपनीकडे गेलेला. बप्पींचा दावा तर बुडालाच, उलट आधार नसताना खटला लांबवला म्हणून त्यांच्या वकिलाला मोठा भुर्दंड बसला. २०१० मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला.

अमेरिकेच्या न्यायालयाने हे मनाने काढलेले नव्हते. आपलाच कायदा तसा होता. १९७७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की निर्मात्याने मोबदला देऊन गीत-संगीत करून घेतले, तर वेगळा करार नसल्यास हक्काचा पहिला मालक निर्माताच. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक खंत नोंदवली होती. रसिक ज्या गळ्यासाठी जीव टाकतात, त्या गायकाला कायद्यात काहीच जागा नाही, असा तिचा आशय होता.

ही खंत लताबाईंनी कितीतरी आधी बोलून दाखवली होती. १९६० च्या दशकात त्यांनी पार्श्वगायकांसाठी रॉयल्टी मागितली. मोहम्मद रफी यांचे मत वेगळे पडले. मेहनताना घेतला, व्यवहार पुरा झाला, पुढचा नफा-तोटा निर्मात्याचा, ही त्यांची धारणा. या मतभेदापायी दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. रफीसाहेबांच्या म्हणण्यात लालसेचा लवलेश नव्हता, एका सज्जन माणसाचा तो हिशेब होता. पण त्या हिशेबात उद्या आपला आवाज परक्या देशात, परक्या गाण्यात कापून लावला जाईल, ही शक्यता धरलेली नव्हती. ती तेव्हा कुणालाच सुचण्यासारखी नव्हती.

दोघांचा समेट १९६७ च्या सुमारास झाला. पुढे ‘आराधना’ (१९६९) साठी त्यांनी सचिनदेव बर्मन यांच्याकडे ‘बागों में बहार है’ गायले. योगायोग असा की २००५ साली याच गाण्याचा जेमतेम एका सेकंदाचा तुकडा अमेरिकी रॅपर द गेम याच्या गाण्यात वापरला गेला. ठेका टिंबलँड याचा. सारेगामा पुन्हा न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये हरली. शक्ती फिल्म्सशी १९६७ साली झालेल्या कराराने कंपनीला जे मिळाले, त्यात या ध्वनिमुद्रणाची आजची मालकी येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. एका सेकंदासाठी वर्षानुवर्षे खल झाला. पण तो सेकंद ज्यांच्या गळ्यातून आला, त्यांचा हक्क किती, हा मुद्दा त्या खटल्यात नव्हताच.

आपल्या कायद्यात कलावंताचा स्वतंत्र हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा वाटा दिला की तो कंपनीला लिहून देता येत नाही. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत आणि बाहेर किल्ला लढवला. व्यापारी वापरात गायक-वादकांचाही रॉयल्टीवर हक्क मान्य झाला. लताबाईंची मागणी कायद्याच्या पुस्तकात यायला अर्धे शतक लागले. रफीसाहेब १९८० मध्येच गेले होते.

आता पुन्हा उर्साच्या मंचाकडे येऊ. तिथे गाणारा कव्वालही या कायद्याने कलावंत आहे. त्याच्या संमतीवाचून त्याचे गाणे मुद्रित करून बाजारात आणता येत नाही, आणि हा हक्क पन्नास वर्षे टिकतो. पण बिदागी घेऊन पहाटेच्या एसटीने पुढच्या गावी निघालेल्या माणसाला हे सांगणार कोण? त्याच्याजवळ ना करार, ना वकील. बप्पी लाहिरींसारखा नामवंत जिथे कागदात अडला, तिथे ढोलक आणि टाळीच्या साथीदारांची काय कथा!

म्हणून आयोजकांनी निदान एवढे करावे: मुद्रण होणार असेल तर ते आधी सांगावे, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहून ठेवावे, आणि पुढे त्यातून पैसा आला तर वाटा कसा, हे एका साध्या कागदावर मांडून त्याची एक प्रत कव्वालाच्या हाती द्यावी. न्यायालयात शेवटी आवाज बोलत नाही, कागद बोलतो.