इंटरप्ट आणि कॅमेरा ट्रॅप
कॅमेरा ट्रॅपमध्ये इंटरप्टला, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या हार्डवेअरच्या संकेताला, दिलेली पसंती योग्यच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात वाघांच्या नोंदीसाठी लावतात तसा कॅमेरा ट्रॅप बहुतेक वेळ निद्रावस्थेत असतो; सेन्सरला हलती उष्णता जाणवली, की इंटरप्ट येऊन प्रोसेसर जागा होतो. ठरावीक वेळाने सेन्सर तपासणे, म्हणजे पोलिंग, सोपे आहे हे खरे; पण दर तपासणीला बॅटरी खर्च होते आणि दोन तपासण्यांच्या मधे वाघ निघून जाऊ शकतो. इंटरप्टवरचा खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे: उन्हाने तापलेले गवत हलले तरी इंटरप्टांचा मारा सुरू होतो. म्हणून हँडलरने, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या छोट्या कोडने, फक्त खूण नोंदवून तो इंटरप्ट काही काळ बंद ठेवावा. छायाचित्र कार्डावर लिहिण्यासारखे संथ काम कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने, नंतर साध्या टास्ककडून करून घ्यावे.