विस्तारभयास्तव राहिलेला खंडमेरू

‘लीलावती’चे शेवटचे प्रकरण ‘अंकपाश’ या नावाचे आहे. पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन म्हणून आपण अकरावी-बारावीला जे शिकतो, त्याचा मोठा भाग भास्कराचार्यांनी तिथे मोजक्या श्लोकांत बसवला आहे. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, शूल, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य ही आयुधे अदलाबदल करून दिली तर मूर्तीचे भेद किती? विष्णूच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख दिले तर किती? उत्तरे अनुक्रमे ३६,२८,८०० आणि २४. यांतला दुसरा आकडा आपल्या घरात रोज उच्चारला जात असे. संध्येतली केशव-नारायण-माधव ही चोवीस नावे म्हणजे चार आयुधांच्या चोवीस मांडण्या, असे मूर्तिशास्त्र सांगते.

पुढची उदाहरणे अधिक कडक आहेत. २ ते ९ हे आठ अंक घेऊन आठ स्थानांच्या संख्या किती होतील आणि त्या सगळ्यांची बेरीज किती? संख्या ४०,३२०, बेरीज २४,६३,९९,९९,७५,३६०. अंक पुन्हा येत असतील तर? ४, ८, ५, ५, ५ यांच्या २० संख्या होतात, बेरीज ११,९९,९८८. पाच स्थानांत शून्य सोडून कोणतेही अंक घ्यायचे, पण त्यांची बेरीज १३ यायला हवी. अशा संख्या ४९५. इथे गुणाकार, भागाकार, वर्ग, घन काहीच विचारलेले नाही, तरी गर्विष्ठ गणित्याची मान खाली जाईल, अशी कोपरखळीही आचार्य जाताजाता मारतात.

मी पेशाने हिशेबनीस. गणिताचे औपचारिक शिक्षण बारावीपर्यंतचे. बाकी जे आले ते ग्रंथालयांतून. म्हणूनच असेल, पण या प्रकरणापेक्षा मला त्याच ग्रंथातल्या आधीच्या एका श्लोकाने जास्त अडवून धरले. निवडीचा नियम दिल्यावर भास्कराचार्य त्याचे उपयोग सांगतात: छंदःशास्त्रात वृत्तांचे भेद, शिल्पात झरोक्यांचे भेद, खंडमेरू, वैद्यकात रसांचे भेद. आणि मग, हे सगळे विस्तारभयास्तव सांगितले नाही, असे म्हणून विषय मिटवतात.

यांतल्या बाकीच्या गोष्टी सहज उलगडतात. सहा रसांपैकी एक, दोन, तीन असे घेत गेले की ६, १५, २०, १५, ६, १ मिळून ६३ मिश्रणे होतात; सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ती एकेक करून मोजलेली आहेत. वराहमिहिराने बृहत्संहितेत सुगंधी द्रव्यांबद्दल हाच हिशेब केला. सोळांतून चार निवडायची तर प्रकार १,८२०. खंडमेरूचे काय? कोलब्रुकने १८१७ साली लीलावतीचे इंग्रजी भाषांतर छापले, त्यात या शब्दाचा संबंध संगीताशी जोडला आहे. तो धागा धरला की माणूस थेट देवगिरीला पोचतो.

पण त्याआधी पिंगलाकडे जायला हवे. त्याच्या छंदःसूत्रांच्या आठव्या अध्यायात लघु-गुरूंच्या मांडण्यांविषयी जे प्रश्न आहेत, त्यांत ‘किती’ हा फक्त एक आहे. त्याच्या आधी येतो प्रस्तार, म्हणजे सगळ्या मांडण्या एकही न सुटता, एकही दोनदा न येता, ठरलेल्या क्रमाने लिहून काढण्याची रीत. आणि प्रस्तारातून दोन प्रश्न निघतात. ‘नष्ट’ : अमुक क्रमांकाची ओळ पुसली गेली, ती पुन्हा लिहा. ‘उद्दिष्ट’ : ही ओळ समोर आहे, तिचा क्रमांक सांगा. दोन्ही वेळा अट एकच, सगळा प्रस्तार मांडायचा नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांनी ‘किती’ ठेवला आणि ‘कोणती’ व ‘कितवी’ हे दोन प्रश्न गाळले. अंकपाशातही मांडण्यांची संख्या आहे, बेरीज आहे, नष्ट-उद्दिष्ट नाही.

भास्कराचार्यांनी लीलावती लिहिली ११५० च्या सुमारास. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेले, आणि नातू चांगदेव सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून चांगदेवाने पाटण येथे मठ स्थापला. चाळीसगावजवळच्या त्या पाटणचा १२०७ सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. मठासाठी लावून दिलेल्या करांचा तपशील त्यात चक्क मराठीत आहे.

कन्नडचा घाट चढून दक्षिणेकडे गेले की देवगिरी. तिथे त्याच सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या सेवेत शिरले. गंमत म्हणजे या आजोबांचे नावही भास्करच. त्यामुळे होणारा घोटाळा टाळलेला बरा. शार्ङ्गदेव श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख. वैद्यकही जाणत होता. ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ आज गायक-वादकांच्या पिढ्यांना ठाऊक आहे. मात्र त्याच्या पहिल्याच अध्यायात, स्वरांच्या कूटतानांच्या निमित्ताने, या हिशेबनिसाने जे गणित करून ठेवले आहे ते संगीताची माणसे वगळतात आणि गणिताची माणसे तो ग्रंथच उघडत नाहीत.

सात स्वर प्रत्येकी एकदाच घ्यायचे तर मांडण्या ५,०४०. सहांच्या ७२०, पाचांच्या १२०, चारांच्या २४. त्याने ५६ मूर्च्छना धरल्या आहेत, म्हणून पूर्ण कूटतानांचा आकडा २,८२,२४० होतो. इथपर्यंत ‘किती’.

आता प्रस्तार. पहिली ओळ मूळ क्रमाची : सा रे ग. पुढची ओळ लिहिताना डावीकडून पाहत जायचे आणि ज्या स्वराखाली त्याच्या आधीचा स्वर ठेवता येईल तिथे थांबायचे. आधीच्यांपैकी सर्वांत जवळचा घ्यायचा, पण उजवीकडे नसलेला. त्याच्या उजवीकडे वरचेच उतरवायचे आणि डावीकडे उरलेले स्वर मूळ क्रमाने भरायचे. असे केले की रे सा ग, सा ग रे, ग सा रे, रे ग सा आणि ग रे सा या ओळी मिळतात. सहावीनंतर नियम आपोआप थांबतो. चार स्वरांच्या चोवीसही ओळी मी वहीत लिहून पाहिल्या; हात कुठे अडत नाही.

खंडमेरू हा या प्रस्ताराचा गोषवारा आहे. सात स्तंभांचा, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा तक्ता. पहिल्या स्तंभात एकच घर, त्यात १. दुसऱ्यात ०, १. तिसऱ्यात ०, २, ४. चौथ्यात ०, ६, १२, १८. पाचव्यात ०, २४, ४८, ७२, ९६. सहाव्यात शून्यापासून १२०-१२० ने चढत ६०० पर्यंत, सातव्यात ७२०-७२० ने ४,३२० पर्यंत. सगळी मिळून घरे २८. आणि या घरांवर ठेवायला खडे.

‘ग सा म रे’ ही तान कितवी? शेवटचा स्वर रे. मूळ क्रमात शेवटाकडून मोजले तर म, ग, रे, म्हणजे तिसरा. म्हणून चौथ्या स्तंभाच्या तिसऱ्या घरात खडा, १२. रे काढून टाकला. उरले सा ग म. तानेत आता शेवटी म, तो शेवटून पहिला, तिसऱ्या स्तंभात ०. उरले सा ग. शेवटी सा, शेवटून दुसरा, दुसऱ्या स्तंभात १. पहिल्या स्तंभाचा १ असतोच. बेरीज १४. चौदावी तान. चोवीस ओळी लिहाव्या लागल्या नाहीत.

नष्ट म्हणजे हेच उलटे. सात स्वरांची दोन हजारावी तान हवी आहे. प्रत्येक स्तंभातून एक घर घेऊन बेरीज २,००० करायची : १,४४०, ४८०, ७२, ६, ०, १, १. दुसरी कोणतीही निवड जमत नाही, हेच या तक्त्याचे मर्म. सातव्या स्तंभातले १,४४० तिसऱ्या घरात, म्हणून शेवटचा स्वर शेवटून तिसरा, प. उरलेल्या सहांत ४८० पाचव्या घरात, म्हणून रे. तसेच ग, ध, नि, सा, आणि राहिला म. तान झाली म सा नि ध ग रे प.

युरोपात शार्ल-आंज लेझाँ याने १८८८ मध्ये क्रमगुणितांवर आधारलेल्या अंकलेखनाची मांडणी केली. स्थानांची किंमत १, १०, १०० अशी न धरता १, २, ६, २४, १२० अशी धरायची आणि त्यातून प्रत्येक मांडणीला स्वतःचा क्रमांक द्यायचा. खंडमेरूचे स्तंभ पाहिले की तेच दिसते. लेझाँने देवगिरीकडून घेतले असे सुचवण्याचे कारण नाही. पण ‘आमच्याकडे सगळेच होते’ म्हणणाऱ्यांनी आणि ‘काहीच नव्हते’ म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही, हा तक्ता स्वतः वापरून पाहिलेला क्वचितच आढळतो.

भास्कराचार्यांच्या मनात नेमका हाच तक्ता होता का? एका शब्दावरून तसे ठामपणे म्हणणे मला धाडसाचे वाटते. लघु-गुरूंच्या मेरूलाही मेरूच म्हणतात. माझा दावा लहान आहे. लीलावतीत जो शब्द विस्तारभयास्तव मिटून राहिला, तो विस्तार यादवांच्याच राज्यात, आचार्यांच्या नातवाच्या काळात, एका हिशेबनिसाने लिहून ठेवला. १३५६ साली नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’चा तेरावा अध्याय अंकपाशालाच वाहिला. छंद, संगीत, रसभेद या सगळ्यांना त्याने एका छत्राखाली आणले, आणि प्रस्तार, नष्ट, उद्दिष्ट गणिताच्या ग्रंथात रीतसर आले.

पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६ मध्ये संगीतरत्नाकर कल्लिनाथाच्या टीकेसह छापायला घेतला. लीलावतीही पुढे त्याच ग्रंथावलीत निघाली. ग्रंथालयांत मात्र हे दोन ग्रंथ एका कपाटात मला कधी मिळाले नाहीत. एक संगीताकडे, दुसरा गणिताकडे.

फराळानंतर कुणाला वेळ असेल तर अठ्ठावीस घरे आखावीत, सात हरभरे घ्यावेत आणि ‘प ध नि सा रे ग म’ ही तान कितवी ते काढावे. उत्तर २,६११ यायला हवे.