पंचकोनी फरशी का बसत नाही

मिरजेच्या आमच्या जुन्या घरात चौकोनी शहाबादी फरशी होती. ती बसवणारे गवंडी चाचा चार कोपरे जिथे भेटतात तिथे अंगठा फिरवायचे. सांधा बोटाला लागला की फरशी उचलून पुन्हा बसवायची. चाचांना गणित येत नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

खरं तर सगळं गणित त्या अंगठ्याखालीच होतं. एका बिंदूभोवती ३६० अंश भरावे लागतात. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, सहा बसतात. चौरस चार, षटकोन तीन. नियमित पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा. तीन ठेवले की ३६ अंशांची फट उरते आणि चौथा मावत नाही. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून नाव मिळालं. तिथल्या माश्या कधीच्या षटकोनावर येऊन थांबल्यात. त्यात मेण सर्वात कमी लागतं, याची पूर्ण सिद्धता मात्र थॉमस हेल्स यांनी १९९९ मध्ये दिली.

पंचकोनाची फट दुसऱ्या तुकड्यांनी भरता येते. इस्फहानच्या दर्ब-ए-इमामवर १४५३ साली कारागिरांनी पंचकोन आणि दशकोनांच्या घराण्यातली अशी नक्षी केली. २००७ मध्ये पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट यांनी ती पेनरोझच्या नक्षीच्या जवळ जाते असं दाखवलं. तेव्हापासून ‘पेनरोझच्या पाचशे वर्षं आधी आपल्याला सगळं ठाऊक होतं’ असे निरोप मला येत असतात. छाती फुगते, नाही कशाला म्हणू? पण त्या दोघांनीही ‘जवळपास’ हा शब्द वापरलाय, आणि आपण नेमका तोच गाळतो.

अबुल वफा बूझजानीने तो गाळू दिला नसता. दहाव्या शतकात बगदादमध्ये तो कारागिरांसोबत बसायचा आणि त्यांच्यासाठी त्याने भूमितीचं पुस्तक लिहिलं. तीन सारख्या चौरसांचे तुकडे करून एक मोठा चौरस जुळवायचा, हा तेव्हाचा प्रश्न. कारागिरांची एक रीत डोळ्याला बिनचूक दिसायची. अबुल वफाने ती तपासली. एका चौरसाची बाजू आणि त्याच्या कर्णाचा अर्धा भाग मिळून १.७०७ होतात, हवेत १.७३२. त्याने चूक दाखवली, बरोबर रीतही दिली. सराव नसलेल्या भूमितीवाल्यांनाही त्याने सोडलं नाही.

फूटभराच्या फरशीला हा फरक जेमतेम पाऊण सेंटिमीटर. चाचांच्या अंगठ्याला तो लागला असता.